लीलाबाई अजून होडीत बसलेली नाही

अक्का, सुतकात टीव्ही लावत नाहीत हे मी तुला काय सांगायचं? सासूबाई गेल्या तेव्हा टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवणारी तूच होतीस. या वेळी टॉवेल मी टाकला. वर रिमोटमधले सेल काढून चहाच्या डब्यामागं ठेवले, पोरांचा काय भरवसा. आणि मग रोज त्या बिनसेलाच्या रिमोटची बटणं दाबत बसले ती मीच. भांडी झाली की दाब, कणीक मळून झाली की दाब. तुझ्या त्या बाईची दुपारची वेळ झाली की तर एका जागी बसवतच नव्हतं. ओसरीवरून आत, आतून गच्चीवर, गच्चीवर जाऊन डिशच्या छत्रीला हात लावून परत खाली. तुझ्या गजूची बायको एकदा म्हणाली, "काकू, तुमी जरा टेका की." टेकून काय करू? टेकले की कान वाजतात.

चारचौघांत मी तुला 'तुमी' म्हणायचे आणि चुलीपाशी 'तू'. हे चुलीपाशीचं बोलणं आहे. कुणाच्या कानावर गेलं तर जाऊ दे.

तुझा जन्म कधीचा, माहेर कुठलं, मागं कोण कोण, ते सगळं गजूनं पेपरात दिलंय, फोटोसकट. फोटो संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा आहे. त्यात तू अशी बसलीयस की दाताच्या डॉक्टरकडं नंबर लागलाय असं वाटावं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलीस.

भांडण रेडिओवरूनच सुरू झालं होतं. मी तुझी धाकटी जाऊ होऊन या घरात आले तेव्हा ओसरीच्या खुंटीला एक रेडिओ लटकलेला असायचा. त्याला तांब्याची तार, तार छपरावर, आणि इतकं करून एकच स्टेशन लागायचं, तेही खरखरत. तेव्हा भांडायला जागाच नव्हती. जे लागेल ते दोघी ऐकायचो. मग आमच्या ह्यांनी नांदेडहून तो नवलाचा रेडिओ आणला. पोरांच्या पाटीएवढी चपटी पट्टी खिडकीत आभाळाकडं तोंड करून ठेवायची आणि आवाज थेट उपग्रहावरून उतरायचा. पहिल्या दिवशी अर्धं कुरुंदा गाव ऐकायला आलं होतं. एका स्टेशनवर दिवसभर जुनी गाणी, दुसऱ्यावर नुसती सतार, तिसऱ्यावर इंग्रजी बातम्या, आणि खरखर औषधालाही नाही. सासूबाई पट्टीकडं बघून म्हणाल्या होत्या, "एवढं साफ कुणी बोलतं का? मला न्हाई खरं वाटत."

पुढं एका हिवाळ्यात तो रेडिओ गप्प झाला. कंपनीच बंद पडली म्हणे. लाल दिवा लागायचा, पण आवाज नाही. ह्यांनी तो भंगारात काढला तर तू परत उचलून आणलास. फडक्यानं पुसून फळीवर ठेवलास. मी म्हटलं, "आता काहून ठेवता ह्याला?" तू म्हणालीस, "वरचं काय बंद पडत असतंय व्हय? खालच्या माणसाला दम न्हाई निघत." तुला असलं काहीतरी बोलायची खोडच होती. मी तेव्हा हसले होते. परवा तो रेडिओ पुसताना तेच वाक्य आठवलं आणि फळीपाशीच बसून रडले, अगदी भोकाड पसरून.

मग फुकटची डिश आली. छत्री गच्चीवर, बॉक्स टीव्हीखाली. सगळं गाव मालिका बघायला लागलं. रिमोटवर कोपऱ्यात रेडिओचं एक बटण आहे हे आख्ख्या गावात फक्त तुला सापडलं. तेही मालिका लावायला गेलीस आणि चुकून दाबलं गेलं म्हणून. पडदा निळा झाला, त्यावर कुठल्याशा स्टेशनचं नाव आलं आणि सनईसारखं काहीतरी वाजायला लागलं. तमिळ होतं ते. तू तशीच उभी राहिलीस. तव्यावरची भाकरी जळाली, ती मी उलटली.

त्या दिवसापासून या घराला तू दिल्ली करून सोडलंस. पहाटे तमिळ सनई. शेणपाणी होईपर्यंत पंजाबी कीर्तन. मग काश्मिरी, त्यांना तू 'बर्फातली माणसं' म्हणायचीस. संध्याकाळी भाकऱ्या थापताना आसामी गाणी, कारण त्यांचा ठेका थापायला बरा पडतो म्हणे. दर थोड्या महिन्यांनी गजूला बॉक्सपाशी बसवायचीस, "बघ रे, नवं काय आलंय का." तो परत सगळं शोधायचा आणि एखाद-दुसरं स्टेशन खरंच वाढलेलं असायचं. ते सापडलं की तुझा चेहरा असा व्हायचा की घरात पाव्हणे आलेत.

आणि मला पाहिजे असायचं मराठी. वसमतच्या बाजारात हळदीचा भाव काय निघाला, अंगणवाडीवाल्यांचं मानधन वाढलं का, जरा एखादं कळणारं गाणं. रिमोटवरून आपल्या दोघींची अशी झटापट व्हायची की थोरले भाऊजी शेतातून आले की बाहेरच खाकरायचे.

"अक्का, ह्यातला एक शब्द तरी कळतो का तुला?"

"न्हाई."

"मग ऐकायचं काहून?"

"कळत न्हाई म्हणून तर ऐकते. कळतंय ते घरात लय झालंय. उठ, वाढ, आण, कुठं गेली होतीस. ही माणसं मला काही आणायला तरी सांगत न्हाईत."

यावर मी काय बोलणार? बोललेच अर्थात. मी म्हटलं, सांगत असतील, तुला कळत नाहीये एवढंच. तू लाटणं उगारलंस.

गजू मोबाईल दाखवायचा, "आई, यात जगातलं सगळं मिळतं, पाहिजे ते माग." तू त्यालाही उडवून लावलंस. म्हणालीस, "ह्यात आपण मागतो तेच येतं. त्यात जे येतं ते येतं. मला काय मागायचं ते ठाव न्हाई, मग मागू काय?" ते मात्र मला तेव्हाच पटलं होतं. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वर्षभर तोरा मिरवला असतास.

आणि मग ती दुपारची मल्याळी बाई आली.

आपण हळकुंडं निवडायला ओसरीवर बसायचो. तू, मी, तांड्यावरची शेवंता आणि तिच्याबरोबरच्या बायका. तू आतला आवाज मोठा करून यायचीस. रोज त्याच वेळेला ती एक बाई बोलायची. सावकाश, समजावून, मधूनच खालच्या पट्टीत. एक दिवस शेवंतानं सहज विचारलं, "काय म्हणून राहिली व ती?" आणि तू हळकुंडावरचा हात न थांबवता सांगायला लागलीस. तिचं नाव लीला. नदीच्या मधोमध तिचं गाव आहे. चहूबाजूंनी पाणी, जायला-यायला होडी. नदीपल्याड तिचं माहेर, तिथं तिचा भाऊ.

मी तुझ्याकडं बघतच राहिले. इतकं धडधडीत खोटं, आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नाही!

दुसऱ्या दिवशी बायका वेळेच्या आधी आल्या. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वाड्यातलं काम सोडून दोघी आल्या. लीलाबाईची म्हैस आजारी पडली तेव्हा शेवंतानं औषध सुचवलं. लीलाबाईच्या सासऱ्यानं होडी विकायला काढली तेव्हा ओसरीवर त्याला अशा शिव्या पडल्या की थोरले उठून गेले. ती बाई हसली की तू म्हणायचीस, "बघा, आज बरी हाये ती." सगळ्यांना ठाऊक होतं गं, तुला ती भाषा येत नाही हे. पण तसं कुणी म्हटलं नाही. मीही नाही. एवढ्या एका बाबतीत मी कधी तुला अडवलं नाही.

भावाचं निघालं ते गेल्या हंगामात. लीलाबाईच्या भावाच्या पोराचं लग्न निघालं आणि भावानं आवतण पाठवलं ते होडीवाल्याच्या हाती. स्वतः आला नाही. लीलाबाई रुसली, लग्नाला गेली नाही. आता ती रोज काठावर येऊन उभी राहते, होडी बघते आणि माघारी जाते.

ओसरीवर सगळ्यांनी हळकुंडांत माना घातल्या होत्या. कारण आपल्या किसनभाऊंनी काय केलं होतं ते गावभर माहीत होतं. सेनगावकडचं तुझं माहेर, गोरेगाव, काही सातासमुद्रापार नाही. पण पोराच्या लग्नाचं कुंकू घेऊन ते बहिणीच्या दारात आले नाहीत. पत्रिका मोबाईलवर पाठवली, खाली हात जोडलेलं चित्र. तू गजूकडून ती पत्रिका वाचून घेतलीस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मला कुणी बोलवलेलं न्हाई." लग्नाला गेली नाहीस. मग ते रुसले, बहीण लग्नाला आली नाही म्हणून. त्या वर्षीच्या भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तू सकाळपासून भरून ठेवलं होतंस. दिवे लागणीला निरांजनातलं तूप गोठलं. ताट तूच उचललंस आणि आसामी गाणी लावलीस, नेहमीपेक्षा मोठ्यानं.

तेव्हापासून आपलं भांडण लीलाबाईच्या नावानं चालायचं. मी म्हणायचे, "बसू दे की तिला होडीत. एकदा जाऊन आली तर काय झिजंल का?" तू म्हणायचीस, "काहून बसंल? आवतण द्यायला भावानं यायचं असतंय. ही काय नवी रीत हाये का?" शेवंता माझ्या बाजूची होती, बाकीच्या तुझ्या. मी चिडून म्हणायचे, "अगं, तिकडं त्यालाही वाटत असंल ना, ही का आली न्हाई म्हणून!" तू म्हणायचीस, "असंल. बाईनं अजून तसं सांगितलं न्हाई. सांगंल तेव्हा बघू." आणि आतल्या आवाजाकडं बोट करायचीस. झालं. पुढं बोलायची सोयच नाही.

नांदेडच्या दवाखान्यात तू पडून होतीस तेव्हा तुझा जीव रमावा म्हणून मी घरून त्या बाईचा आवाज मोबाईलमध्ये भरून आणला होता. उशाशी लावला. तुला सलाईन लावायला आलेली नर्स एकदम थांबली आणि हसायलाच लागली. केरळची होती ती. मी विचारलं, "क्या बोल रही है?" ती म्हणाली, "नारियल का बोल रही है, अम्मा. झाड की जड में कीड़ा लगता है ना, कौन सा खाद डालना, वो सब."

मी तुझ्याकडं बघितलं. म्हटलं, आता ही काय करते. इतक्या दिवसांचं माझं भांडण एका वाक्यात जिंकून झालं होतं आणि मला ते जिंकायचं नव्हतं. तू डोळे मिटून पडली होतीस. नर्स गेल्यावर म्हणालीस, "तिला न्हाई कळलं. लहानपणीच इकडं आली असंल बिचारी."

मी इतकी हसले की शेजारच्या खाटेवरची म्हातारी रागावली. तूही हसलीस, मग खोकलीस. खोकला थांबल्यावर मी विचारलं, "अक्का, खरं सांग, लीलाबाई जाणार का न्हाई?" तू म्हणालीस, "घरी गेल्यावर बघू. इथं टीव्ही न्हाई."

किसनभाऊंना फोन लावू का, हेही मी विचारलं होतं. तू मान हलवलीस. ती 'नको' म्हणून हलवलीस की मानेला रग लागली म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. गेले तेरा दिवस मी तीच मान आठवतेय. तू स्पष्ट बोलायचीस गं, एरवी भांड्याला भांडं लागलं तरी तुझं वाक्य तयार असायचं. तेव्हाच काय झालं तुला?

घरी आलीस ती बोलण्याच्या पलीकडं. सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. तुला ओसरीवर ठेवलं होतं आणि सगळे गोरेगावच्या वाटेकडं डोळे लावून बसले होते. अंगणात हळद वाळत होती, ती कुणी गोळा केली नव्हती. लोक कडेकडेनं उभे होते. मी आत-बाहेर, आत-बाहेर करत होते. माझ्या डोक्यात एकच, हा माणूस आता येतोय. आता! गाडी थांबली आणि किसनभाऊ उतरले, एका हातात हिरवी साडी, दुसऱ्या हातात कुंकवाची डबी. अक्का, तू ज्या कुंकवासाठी अडून बसली होतीस ते घेऊन तो माणूस शेवटी दारात आला. मला वाटलं जाऊन त्याच्या हातातली डबी हिसकावून घ्यावी. पण तुझ्या कपाळाला कुंकू लावताना त्यांनी अर्धं तुझ्या कानावर सांडलं. ते मीच पुसलं.

त्यानंतर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ते दहाव्याला आले, कालपासून इथंच मुक्कामी होते. मी ताट वाढायचे आणि वळायचे. आणि मनातल्या मनात, तुला खोटं का सांगू, लीलाबाईचा शेवट रचून ठेवला होता. शेवंतानं दोनदा विचारलंच होतं, "धाकल्या बाई, आता त्या लीलाबाईचं काय होईल व?" मी ठरवलं होतं, तेराव्याला सगळ्यांच्या देखत सांगायचं. भाऊ आला, पण काठावर कुणीच नव्हतं. तो किती ओरडला तरी पलीकडून आवाज आला नाही. असं सांगायचं आणि त्यांच्याकडंच बघायचं.

आज तेरावं झालं. जेवणं उठली, पाव्हणे पांगले. शेवंता आणि बायका ओसरीवर टेकल्या होत्या. किसनभाऊ पिशवी घेऊन निघायच्या बेतात दाराच्या चौकटीत उभे होते. गजूनं टॉवेल काढला, रिमोटमध्ये सेल घातले. पोरं कार्टून कार्टून म्हणून ओरडत होती. त्यानं बटण दाबलं आणि पडदा निळा झाला. दवाखान्यासाठी त्या बाईचा आवाज भरला तेव्हाही मी तुझं स्टेशन हलवलं नव्हतं. तू जिथं ठेवून गेली होतीस तिथूनच ते सुरू झालं. वेळही तीच होती. ती बाई बोलायला लागली, सावकाश, समजावून.

गजूचा अंगठा तसाच राहिला. पोरं कार्टून विसरली. शेवंतानं पदर तोंडाला लावला. मी जागीच उभी, आणि मला वाटलं, हीच वेळ आहे. आता सांगते.

तेवढ्यात किसनभाऊ हळूच म्हणाले, "काय म्हणून राहिली ती?"

 ते पडद्याकडंच बघत होते. म्हणाले, "आमी दोघं भावंडं ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसायचो. बापाचा रेडिओ असायचा. रशियाचं का कुठलं कुठलं लागायचं. मी हिला विचारायचो, काय म्हणून राहिला गं तो? आन् ही बराबर सांगायची. तिकडं पाऊस हाये म्हणे. त्याची बैलं हरवलीत म्हणे. मला लय मोठं होईस्तोवर खरं वाटायचं. हिला समद्या भाषा येतात म्हणून मी शाळेत सांगून आलो होतो."

अक्का, हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. इतकी वर्षं एका चुलीवर रांधलं, आणि तुझा पहिला ऐकणारा कोण होता ते मला आज कळलं. मला राग आला तुझा. मग त्याच रागात बाकीचं सगळं वितळायला लागलं आणि मला ते थोपवता येईना. मी रचलेला तो शेवट तोंडात तयार होता. शेवंता माझ्याकडं बघत होती. ती बाई खालच्या पट्टीत काहीतरी म्हणाली. तू असतीस तर काय सांगितलं असतंस, हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. दारात कुणीही उभं राहिलं तरी तू एकच वाक्य बोलायचीस, भांडण असलं तरी.

मी म्हणाले, "ती म्हणून राहिली, आलास का? दारात काहून उभा हायेस? बस. च्या टाकते."

किसनभाऊंनी पिशवी खाली ठेवली. उंबऱ्याच्या आत आले आणि भिंतीला टेकून, मांडी घालून बसले. मी त्यांना माफ केलेलं नाही, अक्का, हे लक्षात ठेव. तू केलंस, मी फक्त सांगितलं. आणि बोलून बसले म्हणून चहाही मलाच टाकावा लागणार होता. मी चुलीकडं वळले. आत त्या बाईचं चालूच होतं, नारळाच्या मुळांचंच असणार.

पातेलं ठेवते न ठेवते तोच मागून त्यांचा आवाज आला, "मंग?"